खिशावर झाकण असलेला शर्ट

आमच्या रामबागेतल्या घरी एक शर्ट होता. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण ज्या घरात आम्हा तिघा भावांचे शर्ट एकाच थानातून, एकाच शिंप्याकडून शिवून यायचे आणि दिवाळीच्या फोटोत आम्ही बँडवाल्यांसारखे दिसायचो, त्या घरात हा शर्ट अगदी वेगळा होता. फिकट निळा, जरा जाडसर कापडाचा. कॉलरच्या दोन्ही टोकांना इवलीशी बटणं, आणि छातीवरच्या खिशाला झाकण. पोलिसांच्या शर्टाला असतं तसं. त्यामुळे लहानपणी आम्ही त्याला 'हवालदार शर्ट' म्हणायचो.

तो भाऊकाकांनी आणलेला. काका 1967 साली अमेरिकेत न्यू हेवनला शिकायला गेले आणि तीन वर्षांनी परत आले. येताना त्यांनी धाकट्या भावासाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, हा शर्ट आणला. अण्णा इंदूरच्या एका मिलमध्ये विणकाम खात्यात होते. दुसऱ्या कुणी शर्ट अंगावर चढवून आरशात पाहिलं असतं. अण्णांनी आधी धागे मोजायचं छोटं भिंग काढलं आणि शर्ट खिडकीत उजेडाला धरला. ताण्याचे धागे बारीक आणि जोडीजोडीने, बाण्याचा धागा एकटा आणि जाड. ताणा निळा, बाणा पांढरा. म्हणून तो निळा रंग असा दुधात कालवल्यासारखा दिसतो, हे त्यांनी आईला समजावून सांगितलं. आईने विचारलं, "रंग जाईल का?"

या कापडाला ऑक्सफर्ड म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. कॉलरच्या आतल्या लेबलावर दुकानाचं नाव होतं, जे. प्रेस, आणि खाली न्यू हेवन. अण्णांनी तो शर्ट लग्नकार्याला घातला, माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला घातला. कॉलर झिजली तेव्हा शिंप्याकडून उलटून घेतली. पुढे मिल बंद पडली, देणी अडकली, आणि कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. तारखेला जाताना अण्णा तोच शर्ट इस्त्री करून घालायचे. ते गेले तेव्हाही तारखा चालूच होत्या.

2023 च्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकाकडे अमेरिकेला गेलो. तो कनेक्टिकटमध्ये स्टॅमफर्डला असतो. तिथून न्यू यॉर्क एका बाजूला आणि न्यू हेवन दुसऱ्या बाजूला, एकाच रेल्वेमार्गावर. बायकोने सामान भरताना मला विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण शर्ट माझ्या बॅगेत होता.

लेकाने तो पाहिला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला माहीत आहे का, या कपड्यांना इथे प्रेपी म्हणतात?"

कॉलेजच्या आधीची जी महागडी खासगी शाळा, तिला इथे 'प्रेप स्कूल' म्हणतात, आणि त्या शाळांतून येल, हार्वर्ड, प्रिन्स्टनला गेलेल्या पोरांचे जे कपडे ते प्रेपी. बटणवाली कॉलर, पितळी बटणांचा निळा कोट, तिरप्या पट्ट्यांचा टाय, खाकी पँट, चामड्याचे बिनफितीचे बूट. 1980 मध्ये लिसा बर्नबाख यांनी संपादित केलेलं 'द ऑफिशियल प्रेपी हँडबुक' नावाचं पुस्तक निघालं. ते होतं या मंडळींची थट्टा करणारं, पण लोकांनी ते मार्गदर्शक म्हणून विकत घेतलं. आपल्याकडेही असं होतं.

"पण आता कोण घालतं हे?" मी विचारलं. लेकाच्या ऑफिसात तर सगळे टीशर्टवर बिनबाह्यांचं जाकीट घालून बसतात.

"चला, बघू," तो म्हणाला. शनिवारी न्यू यॉर्क आणि रविवारी न्यू हेवन असा बेत ठरला. पण रविवारी दुकान बंद असलं तर पंचाईत, म्हणून मी तो उलटा करायला लावला. शुक्रवारी त्याने रजा घेतली आणि आम्ही आधी न्यू यॉर्कला गेलो.

ग्रँड सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडून दोन-तीन मिनिटं चाललं की मॅडिसन अॅव्हेन्यू आणि 44 व्या रस्त्याचा कोपरा येतो. 346, मॅडिसन अॅव्हेन्यू. 1915 पासून इथे ब्रुक्स ब्रदर्सचं मुख्य दुकान होतं. कंपनी त्याहून जुनी, 1818 सालची. म्हणजे आपल्याकडे पेशवाई संपली त्या वर्षाची. अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली त्या रात्री त्यांच्या अंगात ब्रुक्सने शिवलेला कोट होता. बटणवाली कॉलरही यांनीच अमेरिकेत आणली, 1896 मध्ये. इंग्लंडमध्ये पोलो खेळणारे घोडेस्वार कॉलर तोंडावर फडफडू नये म्हणून ती बटणाने अडकवतात, हे मालकांपैकी एकाने पाहिलं आणि घरी येऊन तसा शर्ट शिवायला लावला. म्हणजे अण्णांच्या शर्टाच्या कॉलरचं मूळ घोड्याच्या पाठीवर.

आम्ही कोपऱ्यावर उभे राहिलो. दुकान नव्हतं. 2020 च्या जुलैमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि हे दार बंद झालं ते झालंच. करोनाने शेवटचा धक्का दिला हे खरं, घरी बसलेल्या माणसाला सूट कशाला हवा? पण दुखणं जुनं होतं. 1988 मध्ये इंग्लंडच्या मार्क्स अँड स्पेन्सरने 75 कोटी डॉलरला घेतलेली ही कंपनी 2001 मध्ये त्यांनी पाव अब्जाच्याही खाली विकली. मधल्या काळात ऑफिसांतून सूट हद्दपार होत चालला होता आणि दुकानांची संख्या मात्र वाढत होती. दिवाळखोरीनंतर साडेबत्तीस कोटी डॉलरला जी विकली गेली ती मुख्यतः नावाची किंमत. नाव जगलं, दुकानं आजही आहेत. अमेरिकेतले त्यांचे तीन कारखाने मात्र त्याच वर्षी सुटले. टाय शिवणारा लाँग आयलंड सिटीतला, सूट शिवणारा हेवरहिलचा आणि शर्ट शिवणारा नॉर्थ कॅरोलिनातल्या गार्लंड या छोट्याशा गावातला.

गार्लंडचं मी लेकाला दोनदा विचारलं. गाव केवढं, तिथल्या बायका आता काय करतात, त्यांचे पैसे मिळाले का. त्याला ते कुठून माहीत असणार? तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आजोबांचा विचार करताय." मी म्हटलं, चल पुढे.

तिथून उत्तरेला मॅडिसनवरून चालत गेलो. अठ्ठावीस गल्ल्या! बायकोने मध्ये दोनदा बसकण मारली. 72 व्या रस्त्यावर एक खरोखरीचा महाल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका श्रीमंत बाईने तो बांधून घेतला आणि त्यात ती कधी राहायलाच आली नाही. 1986 पासून तिथे राल्फ लॉरेनचं दुकान आहे. आत लाकडी जिना, भिंतीवर तैलचित्रं, जुन्या ट्रंका, घोड्यांचे खोगीर. कुणा खानदानी माणसाच्या घरी आल्यासारखं वाटावं अशी सगळी मांडणी. गंमत म्हणजे हे खानदान ज्याने उभं केलं तो ब्राँक्समधल्या गरीब ज्यू घरातला मुलगा. जन्मनाव लिफशिट्झ. तरुणपणी त्याने ब्रुक्स ब्रदर्समध्येच विक्रेत्याची नोकरी केली, 1967 मध्ये रुंद टाय विकायला सुरुवात केली आणि 1972 मध्ये घोडेस्वाराचं चिन्ह असलेला तो चोवीस रंगांतला टीशर्ट आणला. 2025 च्या आर्थिक वर्षात या कंपनीची विक्री 7 अब्ज डॉलरच्या वर गेली. ज्या दुकानात नोकरी केली ते दिवाळखोरीत, आणि नोकर महालात.

इंदूरच्या मॉलमध्ये आमचा पुतण्या 'पोलो'चा शर्ट घेतो तो मात्र हा नव्हे, हे जाता जाता सांगून टाकतो. चिन्हात एक घोडेस्वार असेल तर राल्फ लॉरेन, दोन असतील तर यू. एस. पोलो असोसिएशन. ही अमेरिकेतल्या पोलो खेळाची 1890 सालची संस्था, तिच्या नावाचा परवाना आपल्याकडे अरविंद या अहमदाबादी घराण्याकडे आहे. दोघांचे कोर्टात खटलेही झाले. पुतण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "काका, दोन घोडे म्हणजे जास्तच चांगलं ना?"

महालात मला एक गोष्ट दिसली. गिऱ्हाइकांत त्या जुन्या शाळांतून आले असावेत असे चेहरे थोडेच. जपानी पर्यटक, काळे तरुण, आमच्यासारखी देशी कुटुंबं. लेकाने सांगितलं की 1988 च्या सुमारास ब्रुकलिनच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांची 'लो लाइफ्स' नावाची टोळी होती. ती पोरं दुकानांतून राल्फ लॉरेनचे कपडे चोरायची आणि डोक्यापासून पायापर्यंत तेच घालून मिरवायची. चोरीचं समर्थन नाही, पण ज्यांना त्या क्लबात कुणी दारातही उभं केलं नसतं त्यांनी तो पोशाख उचलला, आणि पुढे रॅप संगीतातून तो सगळीकडे गेला. 2022 मध्ये राल्फ लॉरेनने मोरहाउस आणि स्पेलमन या कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजांबरोबर तिथल्याच जुन्या फोटोंवरून कपडे काढले. ते विद्यार्थी 1920–30 च्या दशकांतही असेच टापटीप राहत होते. फक्त प्रेपी म्हटलं की त्यांचे फोटो कुणी दाखवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी न्यू हेवन. स्टॅमफर्डहून तासाभराचा प्रवास. गाडी किनाऱ्याने जाते, मधून मधून खाडीत नांगरलेल्या होड्या दिसतात आणि मधून मधून फुटक्या काचांचे रिकामे कारखाने. ब्रिजपोर्टच्या आसपास तर इतके की मला आमच्या मिल एरियातून चालल्यासारखं झालं.

गाडीत लेकाने फोनवर एक पुस्तक दाखवलं. 'टेक आयव्ही'. 1965 मध्ये व्हॅन नावाच्या जपानी कपडे कंपनीने माणसं पाठवून अमेरिकन कॉलेजांतल्या पोरांचे फोटो काढून आणले, त्याचं हे पुस्तक. छायाचित्रकार तेरुयोशी हायाशिदा. आदल्या वर्षी, टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर, गिंझा भागात असे कपडे घालून टोळक्याने उभ्या राहणाऱ्या पोरांना पोलिसांनी धरून नेलं होतं! बापांना वाटायचं पोरं वाया गेली. आणि इकडे अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी हे कपडे टाकून जीन्स घातल्या. अमेरिकेने टाकलेलं जपानने जपलं, बारीकसारीक टाक्यांसकट. 2010 मध्ये त्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती निघाली आणि अमेरिकन पोरं आपल्याच आजोबांचा पोशाख जपान्यांकडून शिकली.

भाऊकाका 1967 ते 70 मध्ये तिथे होते. म्हणजे पोशाख चालता चालता संपत आला होता त्या वर्षांत. त्यांनी बहुधा तो मागाहून येणाऱ्या पोरांसारखा टाकला नसावा. एक तर पैसे मोजून घेतलेला, आणि इंदूरला जाऊन काय सांगणार, फाटक्या जीन्स आणल्या म्हणून?

न्यू हेवनला उतरल्यावर येल विद्यापीठ दहा-पंधरा मिनिटांवर आहे. दगडी मनोरे, कमानी, मधे हिरवळ. इथे मला आपल्या कापडाचा धागा असा सापडला की मी थांबूनच गेलो. ज्याच्या नावाने हे विद्यापीठ, तो एलिहू येल ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होता, 1687 ते 1692. स्वतःचे धंदे केल्याच्या आरोपांवरून त्याचं पद गेलं, गुलामांच्या व्यापाराशीही त्याचा संबंध होता. 1718 मध्ये त्याने इथल्या छोट्याशा कॉलेजाला 417 पुस्तकं, राजा पहिल्या जॉर्जचं एक चित्र आणि मालाचे नऊ गठ्ठे पाठवले. त्यात कापड होतं. ते विकून 562 पौंड आले आणि कॉलेजाने कृतज्ञतेने त्याचं नाव लावलं. त्यानंतर अडीचशे वर्षांनी इथलीच पोरं उन्हाळ्यात मद्रास चौकड्यांचे शर्ट आणि कोट घालून फिरत होती.

त्या मद्रासची गोष्ट आईला फार आवडली असती. मद्रासचं हातमागाचं कापड, कच्च्या वनस्पती रंगांत रंगवलेलं, दर धुण्याला रंग सोडायचं. 1958 च्या सुमारास कॅप्टन कृष्णन नायर यांनी, म्हणजे पुढे मुंबईत लीला हॉटेल काढणाऱ्या नायरांनी, असं कापड एका अमेरिकन आयातदाराला विकलं आणि ते ब्रुक्स ब्रदर्सपर्यंत पोचलं. थंड पाण्यात वेगळं धुवा ही सूचना गिऱ्हाइकापर्यंत गेलीच नाही. कपडे यंत्रात एकत्र धुतले गेले, रंग एकमेकांत उतरले, तक्रारींचा पाऊस पडला. त्यावर तोड काय काढावी? जाहिरात केली की या कापडाचा रंग जाणार याची हमी! प्रत्येक धुण्याला नवा शर्ट! आणि लोकांनी ते उड्या मारून घेतलं. आपल्या घरी 'रंग गेला' म्हणून दुकानदाराशी भांडायला निघतात, तिथे तोच गुण ठरला.

शर्टाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक छोटी फीत असते, पाहिली असेल तुम्ही. तीही याच गावची. बर्नार्ड गँटमाकर या युक्रेनहून आलेल्या माणसाने 1949 मध्ये इथे गँट नावाची शर्टांची कंपनी काढली. व्यायामशाळेच्या कपाटात शर्ट खुंटीला अडकवता यावा म्हणून त्यांनी ती फीत लावली. आता गँट युरोपातली कंपनी झाली आहे. फीत मात्र जगभर राहिली, खुंटी नसली तरी.

जे. प्रेस एल्म स्ट्रीटवर आहे. काकांच्या वेळचं यॉर्क स्ट्रीटवरचं जुनं दुकान 2013 च्या बर्फवादळात खिळखिळं झालं आणि पाडावं लागलं, त्यामुळे काका ज्या दारातून आत गेले ते दार बघायला मिळालं नाही. 1902 मध्ये लाटव्हियाहून आलेल्या जेकोबी प्रेस यांनी हे सुरू केलं. पुन्हा परका माणूस! 1974 मध्ये त्यांनी जपानमध्ये आपलं नाव वापरायचा परवाना दिला आणि 1986 मध्ये सगळी कंपनीच ऑनवर्ड काशियामा या जपानी कंपनीने घेतली. ती अजून जपान्यांचीच आहे.

दुकान लहानसं. टायांच्या रांगा, लोकरी कोट, एका टेबलावर शर्टांच्या घड्या. मी वरचा शर्ट उचलला. फिकट निळा ऑक्सफर्ड. कॉलरला बटणं. आणि खिशाला झाकण.

मला एकदम बोलता येईना. विक्रेते गृहस्थ साठीचे असतील, जवळ आले. लेकाने पिशवीतून अण्णांचा शर्ट काढून नव्याच्या शेजारी ठेवला. त्यांनी चष्मा लावला, लेबल पाहिलं, कॉलर उचलून आतून पाहिली आणि शिलाईवर बोट ठेवून विचारलं, ही कुणी केली? मी सांगितलं, इंदूरच्या शिंप्याने. झिजलेली बाजू आत गेली, आतली कोरी बाजू वर आली, काजं होती तिथेच राहिली. ते म्हणाले, "गुड वर्क." एवढंच. बायकोने नंतर मला सांगितलं की मी त्या वेळी शिंपी मीच असल्यासारखा ताठ उभा होतो.

नव्या शर्टाची किंमत दीडशे डॉलरच्या आसपास. लेकासाठी घ्यावा म्हणून मी पाकीट काढलं, तर त्यानेच हात धरला. बाहेर आल्यावर वुस्टर स्ट्रीटवर फ्रँक पेपेकडे पिझ्झा खायला बसलो (1925 सालचं दुकान, शिंपल्यांच्या पिझ्झासाठी नावाजलेलं, आम्ही साधा टोमॅटोचा घेतला), तेव्हा मी विचारलं, आवडला नाही का?

"आवडला. पण बाबा, माझे सगळे मित्र असे शर्ट जुनेच घेतात. इंटरनेटवर, जुन्या कपड्यांच्या दुकानात. पंधरा-वीस डॉलरला ब्रुक्सचा तीस वर्षांपूर्वीचा शर्ट मिळतो, नव्यापेक्षा कापड चांगलं. दुकान राहिलं काय, मालक बदलला काय, त्यांना फरक पडत नाही. शर्ट चांगला पाहिजे."

"मग नवा कोण घेणार? आणि नवा कुणी घेतलाच नाही तर तीस वर्षांनी तुमच्यासारख्यांना जुना कुठून मिळणार?"

तो थोडा वेळ पिझ्झ्याच्या जळक्या कडा तोडत बसला. मला गार्लंडच आठवत होतं. नाव विकत घेता येतं, चिन्ह विकत घेता येतं, महालही बांधलेला मिळतो. पण ताणा-बाणा भिंगातून बघणारी माणसं एकदा घरी बसली की ती परत मागवता येत नाहीत, हे मी आमच्या घरात पाहिलं आहे. हे त्याला मी बोललो नाही. तो म्हणाला, "एक नवा घेऊ या. पण माझ्यासाठी नको. तुमच्यासाठी."

परत दुकानात गेलो. मला सोळाचं माप लागलं. बायको म्हणाली, पांढरा घ्या, निळा आहेच. मी निळाच घेतला.

अण्णांचा शर्ट लेकाने ठेवून घेतला. मी जरा कुरकुरलो, पण त्याच्या अंगाला तो माझ्यापेक्षा चांगला बसतो, अण्णांसारखेच खांदे आहेत त्याचे. गेल्या महिन्यात फोन आला. "बाबा, कॉलर पुन्हा विरली. इथे उलटून कोण देतं, काही कळत नाही."

मी म्हटलं, अरे, कॉलर एकदाच उलटते. दोन्ही बाजू झिजल्यावर नवीन लावावी लागते. डिसेंबरात येशील तेव्हा घेऊन ये. शिंप्याचा मुलगा बसतो आता दुकानात, कापड मात्र आपल्याला शोधावं लागेल. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये मी विचारून ठेवलंय; ताणा निळा, बाणा पांढरा, असं सांगितल्यावर तिसऱ्या दुकानदाराने मान हलवली.